चांदणीच्या जागी कोणीही

आमच्या सरांनी कॉम्प्युटर दीक्षाभूमीवर न्यायचं ठरवलं तेव्हा मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की हा शुद्ध वेडेपणा आहे. धूळ, धक्काबुक्की, जनरेटरची वीज आणि डोक्यावर कापडी मांडव. सीताबर्डीच्या क्लासमध्ये त्या यंत्राच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, आणि तेच यंत्र आता हे टेम्पोत घालून नेणार होते. सर हसले. "तुले कोणतीच गोष्ट पटत नाही. दसऱ्याले तिथं एवढी माणसं येतात, त्यातली किती हरवतात. माईकवाला ओरडून ओरडून घसा बसवून घेते. आपण त्याईले शोधून देऊ." सेवा होईल आणि क्लासची जाहिरातही होईल, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. मी तेव्हा अशीच होते. समोरच्याने न बोललेलं मला आधी ऐकू यायचं आणि मग माझं तोंड सुटायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आणि माय कामठीला राहायचो. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. माय बिड्या वळायची आणि मी रोज बसने नागपूरला यायची, आधी शिकायला आणि मग सरांनी ठेवून घेतलं म्हणून शिकवायला. मी नेमकं काय करते ते मायला कळत नव्हतं. गल्लीत कोणी विचारलं, की ती सांगायची, "पोरगी टीव्हीवर टाइप करते." मी चिडायची, आणि मी चिडले की तिला फार मजा यायची.

टेम्पोचा वेडेपणा सरांचा असला तरी प्रोग्रॅम माझ्याच गळ्यात पडला. काम वरवर सोपं होतं. मैदानाच्या प्रत्येक गेटजवळ एक तंबू. चुकलेलं माणूस सापडलं की स्वयंसेवक त्याला तंबूत बसवणार, चिठ्ठीवर नाव, गाव, कपडे, सोबत कोण होतं ते लिहिणार, आणि सायकलवरून ती चिठ्ठी आमच्याकडे येणार. आम्ही प्रत्येक माणसाची एक फाइल करायची. त्या काळी फाइलच्या नावाला आठ अक्षरं मिळत, मग एक टिंब, मग आणखी तीन अक्षरं. आठात माणसाचं नाव कोंबायचं आणि तिनात गावाचं. उरलेलं सगळं फाइलच्या पोटात. शोधणारा नातेवाईक आला की त्याने सांगितलेलं नाव त्या सगळ्या नावांशी ताडून पाहायचं.

गोम होती ती नावांतच. आपली नावं इंग्रजी अक्षरांत बसवायला गेलं की प्रत्येकाचा हात वेगळा चालतो. व ला कोणी एक अक्षर लावतं, कोणी दुसरंच. दीर्घ ऊकार आला की कोणी दोन ओ देतं, कोणी एका यूवर भागवतं. म्हणून नाव जसंच्या तसं शोधून भागत नव्हतं, नमुना द्यावा लागायचा. त्यासाठी दोन चिन्हं होती. प्रश्नचिन्ह लिहिलं की त्या जागी कुठलंही एक अक्षर चालेल. आणि दुसरं ते सहा टोकांचं चिन्ह, ज्याला क्लासमधल्या आम्ही मुली चांदणी म्हणायचो. चांदणीच्या जागी काहीही चालतं. एक अक्षर असो, पाच असोत, नाहीतर काहीच नसो.

पण यंत्राची स्वतःची चांदणी अर्धवट होती. नमुन्यात चांदणी आली की तिच्या पुढचं ते वाचायचंच नाही. आमच्याकडच्या बाया नाव सांगताना शेवटी बाई लावतात. तेव्हा मी म्हटलं, चांदणी लिहून पुढे बाई लिहावं, म्हणजे सगळ्या बायांच्या फायली एकत्र निघतील. यंत्र चांदणीपाशी थांबायचं, बाई हे त्याच्या कानावरच पडायचं नाही, आणि म्हातारे, पोरं, पैलवान, सगळ्यांना ते बायांच्या रांगेत उभं करायचं. मी सरांना म्हटलं, असल्या ढिसाळ कारभाराने माणसं सापडत नसतात. मग मी पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत माझी स्वतःची चांदणी लिहिली.

त्या प्रोग्रॅमचा मला अतोनात अभिमान होता, अजूनही थोडा आहे. नाव आणि नमुना दोन्ही डावीकडून वाचत जायचं. अक्षर जुळलं की दोघांनी एकेक घर पुढे सरकायचं. चांदणी आली की तिने आधी काहीच गिळायचं नाही आणि पुढचं जुळतं का पाहायचं. नाही जुळलं तर मागे यायचं, चांदणीला एक अक्षर गिळायला लावायचं आणि पुन्हा पाहायचं. असं नाव संपेपर्यंत. जे जुळतं तेवढ्यालाच तो प्रोग्रॅम हो म्हणायचा, बाकी सगळ्यांना नाही. मला माणसंही अशीच हवी असायची.

दसऱ्याला मी पहाटेच्या बसने निघाले. माय मागाहून गल्लीतल्या बायांबरोबर ट्रकने येणार होती. तिला साखरेचा आजार होता. रोज सकाळी गल्लीच्या तोंडावरचा कंपाउंडर तिला सुई द्यायचा, आणि सुई घेतली की लगेच पोटात काहीतरी जायला हवं असायचं. नाहीतर साखर एकदम उतरते. माणसाला आधी दरदरून घाम फुटतो, मग ते भलतंसलतं बोलायला लागतं, मग पडतं. घरी एकदा झालं होतं तसं. चुलीपुढे बसलेली माय माझ्याकडे पाहून म्हणाली होती, "तू कोणाची वं?" मी तिला साखर चाटवली आणि ती परत आली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर गेली असती.

आणि दसऱ्याचा तिचा नेम होता, आधी वंदना, मग भाकर. छप्पन साली ती बाबांबरोबर त्याच मैदानावर उभी होती, नवी नवरी, सकाळपासून उपाशी. शपथ झाली आणि मग कोणीतरी पुढे केलेली भाकर तिने उभ्याउभ्याच खाल्ली. तशी भाकर पुन्हा कधी लागली नाही म्हणायची. तेव्हापासून दर वर्षी तेच. मी डोकं आपटलं. "माय, तेव्हा तू सुई घेत नव्हतीस." ती म्हणाली, "बरं वं." तिचं बरं म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी शेजारच्या मावशीकडून वचन घेतलं, की ट्रकमध्येच तिला दोन घास खायला लावीन. मावशी जबाबदार बाई होती. तिने गल्लीतल्या सगळ्यांचे डबे एका मोठ्या पिशवीत घालून स्वतःच्या खांद्याला लावले.

सकाळ आमची छान गेली. मांडवाच्या कापडातून निळसर उजेड पडद्यावर यायचा, बाहेर पुस्तकांच्या दुकानांपुढे झुंबड होती, आणि माणसं रांग लावून कॉम्प्युटर पाहून जात होती. एका आजोबांची म्हातारी माझ्या प्रोग्रॅमने एका दमात काढून दिली. त्यांनी मला सोडून यंत्राला हात जोडले. मी आणि क्लासमधली माझी मैत्रीण आळीपाळीने बसत होतो. एकीने लोकांशी बोलायचं, दुसरीने आलेल्या चिठ्ठ्यांच्या फायली करायच्या. सर टाय लावून फिरत होते. उन्हं वर आली तेव्हा मावशी आली.

तिने पिशवी पोटाशी धरली होती. ती एकटी होती.

"माय कुठं हाय?" मी विचारलं.

"हात सुटला वं. गेटाजवळ मोठा लोंढा आला. मी इकडं फेकल्या गेली, ती तिकडं. लय शोधलं."

"खाल्लं का तिनं?"

मावशी रडायलाच लागली. "ट्रकमंदी म्हणे पोचून खाऊ. पोचल्यावर म्हणे आधी वंदना. डबा माह्याजवळच हाय, पोरी. हा पाह्य."

तिने पिशवीतून मायचा डबा काढून मला दाखवला. तो डबा पाहून मला आधी भीती वाटली नाही, संताप आला. मावशीचा, मायच्या हट्टाचा, त्या कंपाउंडरचा, एवढ्या मोठ्या मैदानाचा. मी मावशीला नको ते बोलले, चारचौघांत. तिने डबा पुन्हा पिशवीत ठेवला. सुई सकाळी लवकर झाली होती. दुपार चढत होती.

मी मैत्रिणीला उठवून खुर्चीवर बसले. मायच्या नावाची पहिली तीन अक्षरं, मग चांदणी, टिंब, आणि कामठीची तीन अक्षरं. काही नाही. वेगळी अक्षरं घालून पाहिलं. काही नाही. नावात मधे प्रश्नचिन्हं घातली. नाही. गाव सोडून दिलं आणि तिथे चांदणी घातली, न जाणो, चिठ्ठी लिहिणाऱ्याने नागपूर लिहिलं असेल. मायच्या नावाच्या दोघीतिघी निघाल्या, एक उमरेडची, एक वर्ध्याची, त्या मघाशीच आपापल्या माणसांबरोबर निघून गेल्या होत्या. मग नाव सोडून नुसती कामठी. त्यात एक लहान मूल होतं आणि एक फेटेवाला म्हातारा. मग बाबांचं नाव. मग आडनाव. मग चांदणी आणि बाई, म्हणजे यंत्रात नोंद झालेल्या सगळ्या बाया. एकेक फाइल उघडून वाचली. कोणीच माझी नव्हती.

माझा प्रोग्रॅम उत्तम चालत होता. मी विचारत होते आणि तो शांतपणे नाही म्हणत होता. इतका अचूक नकार मी कधी ऐकला नव्हता आणि तो मीच लिहिला होता.

सरांनी माईकवाल्याला धरून आणलं. मायचं नाव मैदानभर घुमायला लागलं. कामठीहून आलेल्या अमुकबाई, जिथे असाल तिथल्या तंबूत या, तुमची मुलगी वाट पाहत आहे. एका भोंग्यावरून ते नाव निघायचं, दुसऱ्यावरून त्याचं शेपूट ऐकू यायचं, आणि मग नुसती गर्दीची गाज. सर म्हणाले, "तू जा शोधाले, इथं आम्ही हाव." मी म्हटलं, "कुठं जाऊ? सांगा ना, कुठल्या बाजूनं जाऊ?" मी ओरडले असणार, कारण रांगेतली माणसं मागे सरकली. पांढरं लुगडं, निळी किनार, कपाळ मोकळं, अशा बाया त्या मैदानावर जिकडे पाहावं तिकडे होत्या. त्यांच्यात माझी एक कुठेतरी घामाने भिजत होती आणि लोक तिला ओलांडून जात असतील. दारू प्याली आहे असं समजून कोणी हसतही असेल. मला त्या हसणाऱ्यांचे गळे धरावेसे वाटत होते आणि गळे धरायलाही समोर कोणी नव्हतं.

मावशी आणि गल्लीतल्या बाया पुन्हा शोधायला गेल्या. नव्या चिठ्ठ्या आल्या की मैत्रिणीच्या हातून मी त्या हिसकावून घेत होते. एकीतही ती नव्हती. मी तेच तेच नमुने पुन्हा टाइप करत होते, जणू मघाशी यंत्राने नीट पाहिलं नसेल. मला आठवतं, मी हळूहळू बोलत होते पडद्याशी. दे ना. दे ना रे. इतकी माणसं दिलीस.

आणि जनरेटर बंद पडला.

पडदा काळा झाला. मांडवातला पंखा थांबला. बाहेर कोणीतरी डिझेल, डिझेल करत धावलं. मी हात कीबोर्डवर ठेवून तशीच बसून राहिले. त्या वेळी मला स्पष्ट वाटलं, की माय गेली. आता याच क्षणी गेली, आणि मी इथे खुर्चीवर बसून आहे. असं वाटलं की ते वाटणं खरंच असतं, असा तेव्हा माझा समज होता.

वीज आली. यंत्र सावकाश जागं झालं, घरघरलं, आणि पडद्यावर त्याचं ते एकटं अक्षर येऊन लुकलुकायला लागलं. माझी बोटं थांबायला तयार नव्हती. मी चांदणी आणि बाई टाइप केलं आणि बटण दाबलं. माझा प्रोग्रॅम अजून सुरूच केलेला नाही हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी यंत्रालाच विचारलं होतं, त्या अर्धवट चांदणीला.

नावं भराभरा वर सरकायला लागली. पुरुष, पोरं, म्हातारे, सगळे.

"अगं, प्रोग्रॅम लाव ना," मैत्रीण म्हणाली. "हे तर सगळ्याईलेच दाखवून राहिलं."

मी थांबवायला हात उचलला आणि तेवढ्यात टिंबाच्या उजवीकडे मला तीन अक्षरं दिसली. दिसली आणि वर निघून गेली. मी पुन्हा तेच टाइप केलं, या वेळी पानापानाने. ती तीन अक्षरं पुन्हा आली. ते माझ्या मामाचं गाव होतं. भंडाऱ्याच्या बाजूला, नदीकाठी, चार घरांचं. तालुक्यातल्या लोकांनाही ते सांगावं लागतं. मामा भिलाईला निघून गेले त्यालाही जमाना झाला होता. तिथून कोण येणार दीक्षाभूमीवर? टिंबाच्या डावीकडचं नाव मात्र मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. त्याच्या शेवटी बाई नव्हतं. नुसतं नाव, एखाद्या पोरीचं असतं तसं.

मी फाइल उघडली. कपडे, पांढरं लुगडं, निळी किनार. सोबत कोण, वडील. लग्न, नाही झालं म्हणते. खाली लिहिलं होतं, फार घाम, असंबद्ध बोलते, बसवून ठेवली आहे, पश्चिमेच्या गेटचा तंबू.

"हे मीच टाकलं," मैत्रीण म्हणाली. "मघाशी तू त्या आजोबांशी बोलत होती तेव्हा. लग्न नाही झालं लिहिलं होतं, तं मले वाटलं, कोणी पोरगी असन."

लग्नात मायचं नाव बदललं असेल हे मला सुचलंच नव्हतं. आपल्याकडे बायांचं नाव बदलतात हे मला माहीत होतं, कोणाला माहीत नसतं? पण ते दुसऱ्या बायांचं. माय ही मायच्याच नावाने जन्मली असेल असं मी धरून चालले होते. रेशनकार्डावर ते नाव, मतदार यादीत ते नाव, कारखान्याच्या बिड्यांच्या हिशेबात ते नाव. ती शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळे त्याच्या आधीचं काही कुठे लिहिलेलंच नव्हतं.

मी पळाले. मांडवाबाहेरच्या चहावाल्याच्या डब्यातून मूठभर साखर उचलली आणि पळाले. तो मागून ओरडत राहिला. पश्चिमेचं गेट म्हणजे मैदानाचं दुसरं टोक. माणसांत अंगच शिरत नव्हतं. मी कोपरांनी वाट काढत होते, शिव्या खात होते, देत होते. मुठीतली साखर घामाने चिकट व्हायला लागली होती आणि मी मूठ आवळून छातीशी धरली होती. आणि वरून, प्रत्येक खांबावरून, मायचं नाव ऐकू येत होतं. अमुकबाई, तंबूत या.

त्या तंबूच्या दारावरच एक भोंगा बांधलेला होता. त्याच्याच खाली, बांबूला टेकून, माय बसली होती. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे. तिच्या डोक्यावर तिचं नाव ओरडलं जात होतं आणि ती ढिम्म हलत नव्हती. ते नाव तिचं नव्हतंच त्या वेळी.

"माय!" मी तिला हलवलं. "माय, तोंड उघड."

तिचे दात घट्ट मिटलेले होते. मी कानाशी तोंड नेऊन तिचं नाव घेतलं, सासरचं. काही नाही. नुसतीच घशात साखर कोंबली तर ती ठसकेल, तिने स्वतः गिळायला हवं होतं. मी रडत होते आणि तिच्या गालावर चापट्या मारत होते. एक स्वयंसेवक म्हणाला, "ताई, मारू नका." तेव्हा मी ते पडद्यावरचं नाव घेतलं. पहिल्यांदा. मला ते नीट उच्चारताही आलं नाही.

"ओ," माय म्हणाली.

तो आवाज मी ओळखत नव्हते. पातळ, कोवळा, अंगणातून हाक आली की आतून द्यावा तसा. डोळे उघडले, पण त्यांत मी नव्हते.

"बाबा आले?"

"आले," मी म्हटलं. "आले बाबा. तोंड उघड."

तिने उघडलं. मी बोटाने साखर तिच्या हिरडीला लावली, मग जिभेवर, मग आणखी. मूठ रिकामी झाली तेव्हा तळहातच तिच्या तोंडाशी धरला आणि तिने तो चाटून घेतला. तेवढ्यात स्वयंसेवकाने कुठून तरी साखरेचं पाणी आणलं. हळूहळू तिचे ओठ ओले झाले, मान सरळ झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी मला पाहिलं.

"काहून रडून राहिली वं?" ती म्हणाली. मग आजूबाजूला पाहून, "भाकर खाल्ली का तू?"

मी तिला खूप बोलले. काय बोलले ते आठवत नाही. ती ऐकून घेत होती आणि माझ्या बोटांना लागलेली साखर पदराने पुसत होती. औषधोपचाराच्या तंबूतल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, आणि मावशी धापा टाकत आली तेव्हा मायच्याच डब्यातली भाकर मी मायला खायला लावली, वंदनेच्या आधी. माय म्हणाली, यंदा नेम मोडला. मी म्हटलं, मोडू दे.

उन्हं कलल्यावर आम्ही तिला आमच्या मांडवात आणलं आणि माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. मी तिला विचारलं, नाव कधी बदललं.

"लग्नाच्या मांडवातच," ती म्हणाली. "थोरल्या जावेचं तेच नाव होतं. एका घरात दोघी कशा चालतीन? सासू म्हणे, तू आता हे. झालं."

यंत्राचंही तसंच असतं. एका नावाच्या दोन फायली ते ठेवून घेत नाही. दुसरी येऊन बसली की पहिली पुसली जाते, आणि कुठे काही वाजतही नाही. सासूच्या घरात दुसरीच पुसली गेली होती. मला जावेचा राग आला, सासूचा आला, त्या दोघीही केव्हाच मातीला मिळाल्या होत्या.

"मग तुला कोणी त्या नावानं हाक नाही मारली?"

"कोण मारन? मायबाप गेले. भाऊ ताई म्हणे." तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "मीच विसरली होती."

सर टेम्पो घेऊन आले. आवरायची वेळ झाली होती. नियम असा होता, की आपल्या माणसांच्या हाती गेलेल्यांच्या फायली संध्याकाळी आवरताना पुसायच्या, म्हणजे उरतील ती खरी हरवलेली. मी एकेक नाव टाइप करून पुसत गेले. उमरेडची गेली, वर्ध्याची गेली, फेटेवाला म्हातारा गेला. मग ते नाव आलं. मी ते पूर्ण टाइप केलं, टिंब, गावाची तीन अक्षरं. आता फक्त बटण दाबायचं होतं. एक फाइल पुसताना यंत्र काही विचारत नाही, खात्री आहे का म्हणून.

माझं बोट थांबलेलं मायला दिसलं.

"काय लिहिलं हाय तिथं?"

"नाव आहे," मी म्हटलं. "पुसायचं आहे."

"कोणाचं?"

"तुझं. मामाच्या गावचं."

तिने खुर्ची जरा पुढे ओढली. तिला वाचता येत नव्हतं, आणि ती अक्षरं तर इंग्रजी होती. तरी तिने मान वाकडी करून ती हिरवी ओळ डावीकडून उजवीकडे पाहिली, आणि मग पुन्हा एकदा. सर घाई करत होते, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"राहू दे थोडा वेळ," माय म्हणाली, आणि चहा निवून जाईपर्यंत तिकडेच पाहत बसली.